नाटकासाठी आठवी ते बारावीच्या मुलांची ऑडिशन : पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

संहिता ठरली की हौशी मंडळं आधी हॉल बघतात, मग लाइटवाला, आणि मुलांचा विचार शेवटी करतात. मुलं काय, दोन शाळांत निरोप धाडला की चाळीस येतील, असा हिशेब असतो. येतातही. रविवारी सकाळी चाळीस मुलं, तितकेच पालक, एक टेबल, टेबलामागे तीन परीक्षक. प्रत्येक मूल पाठ केलेलं काहीतरी म्हणतं, टाळ्या पडतात आणि दुपारपर्यंत पात्रं वाटून होतात. महिनाभरानं एक मुलगी क्लासची वेळ बदलली म्हणून गळते, दोन मुलं शेवटची बस चुकते म्हणून. आणि ज्याला मुख्य भूमिका दिली तो पहिल्या दिवशी जसा बोलला तसाच चाळिसाव्या दिवशीही बोलत असतो, कारण त्याला तेवढं एकच येत होतं.

म्हणून ऑडिशनमधून आधी दोन गोष्टी कळल्या पाहिजेत. सांगितलेली सूचना हे मूल घेतं का, आणि पुढचे नऊ-दहा आठवडे ते तालमीला खरोखर पोहोचू शकतं का. छान बोलतं का, दिसतं कसं, हे त्याच्यानंतर.

तारखा उलट्या मोजा

दीड तासाच्या नाटकाला या वयाच्या संचासोबत दोन-दोन तासांच्या ४० ते ४५ तालमी धरा. आठवड्याला पाच म्हणजे नऊ आठवडे. सूचना फिरवायला आणि ऑडिशनच्या दोन फेऱ्यांना दोन आठवडे, आजारपण-पाऊस-लग्नकार्याला एक आठवडा मोकळा. प्रयोगाच्या तारखेपासून बारा आठवडे मागे या, तिथे तुमची पहिली सूचना निघाली पाहिजे.

उन्हाळ्याची सुट्टी सोयीची वाटते, पण नसते. अर्धी मुलं मामाच्या गावाला जातात, आणि मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास असताना पत्र्याच्या हॉलमध्ये तालीम म्हणजे शिक्षा. जूनच्या मध्याला शाळा सुरू झाल्या की सूचना काढायची आणि सप्टेंबरात प्रयोग करायचा, हे गणित जास्त टिकतं. डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं, जानेवारीत बोर्डाच्या सराव परीक्षा, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड. दहावी-बारावीच्या मुलांना सरसकट नको म्हणायचं कारण नाही, पण त्यांचा प्रयोग दिवाळीच्या आत होत असेल तरच घ्या.

ऑडिशनचा रविवार ठरवताना कॅलेंडरवर आणखी एक नजर टाका. खानदेशात श्रावणातल्या नागपंचमीनंतरचा रविवार कानबाई या देवीच्या उत्सवाचा असतो, त्या दिवशी घरातून कोणी बाहेर पडणार नाही. पोळा, गावची यात्रा, रमजान चालू असेल तर रोजा धरणाऱ्या मुलांची वेळ, हेही पाहा. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी सुरू झाली की खेड्यातल्या मुलांना घरी हात लावावा लागतो. पालक ते तोंडानं सांगत नाहीत, फक्त पोरगं येत नाही.

सूचना

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी सूचना लांबलचक नको, पण तिच्यात पुढची माहिती हवीच. साधारण अशी:

"किशोरवयीन कलाकारांसाठी ऑडिशन. वय १३ ते १७ पूर्ण. दोन अंकी मराठी नाटक, प्रयोग सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. पहिली फेरी रविवारी सकाळी ८ ते १२.३०, निवडलेल्यांची दुसरी फेरी पुढच्या रविवारी. तालमी सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ५.३० ते ७.३०. अनुभवाची अट नाही. पाठांतर करून येऊ नये, उतारा तिथेच मिळेल. प्रवेश फी नाही, मानधन नाही, प्रवासखर्च मंडळ देईल. पालकांपैकी एकानं सोबत यावं. मुलींच्या पालकांनी चौकशीसाठी मंडळाच्या ताईंना फोन करावा."

'मानधन नाही' हे आधीच लिहा, म्हणजे नंतर गैरसमज नको. ऑडिशनसाठी मुलांकडून पैसे घेऊ नका, पन्नास रुपयेही नाही. पैसे भरले की पालकाला वाटतं भूमिका मिळायलाच हवी, आणि त्याचं काही चूक नसतं.

तालमीची वेळ सूचनेत छापणं फार महत्त्वाचं. ती वाचून ज्यांना जमणार नाही ते घरीच थांबतात. जळगाव-धुळ्यात अकरावी-बारावीची मुलं संध्याकाळी क्लासला असतात, त्यामुळे या वेळेला तुमच्याकडे बहुतांश आठवी ते दहावीची मुलं येतील. संहितेत सतरा-अठरा वर्षांची पात्रं जास्त असतील तर तालीम सकाळी सहा-साडेसहाला ठेवण्याचा विचार करा. खानदेशात सकाळी लवकर उठायला कोणाची ना नसते.

मुली कमी येतात ही जुनीच तक्रार. बहुतेक वेळा कारण मुलीच्या आवडीत नसतं. घरी तीन प्रश्न असतात: सुटणार किती वाजता, सोबत बाई कोण, घरी कोण सोडणार. सूचनेत या तिन्हींची उत्तरं असली आणि मुलींच्या शाळेत एखाद्या बाईंनी जाऊन आयांशी बोललं, की संख्या बदलते. तरीही मुली कमी पडल्या आणि एखाद्या मुलीच्या पात्राचा मुलगा करायचा ठरला, किंवा उलट, तर लेखकाची परवानगी घ्या. नाटकाच्या संहितेला मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे जी संहिता जाते तीच रंगमंचावर यायला हवी, म्हणून असे बदल आधी उरका.

फॉर्म

एका पानाचा. नाव, जन्मतारीख, इयत्ता, शाळा, गाव, पालकांचा फोन हे नेहमीचं. त्याखाली जे विचारायला लोक विसरतात ते:

क्लास कोणत्या वारी, किती ते किती. शाळा सकाळची की दुपारची. गावाकडे जाणारी शेवटची एस.टी. किती वाजता. पुढच्या तीन महिन्यांत ठरलेलं लग्न, स्पर्धा, शिबिर. कबड्डी, एन.सी.सी., क्रिकेटचा सराव. दमा, फिट, कसली अ‍ॅलर्जी. चष्मा. घरी कोणती बोली बोलतात. गाणं, ढोलकी, सायकल, शिट्टी, काहीही येत असेल ते.

बसची वेळ फॉर्ममध्ये असली की पुढचं सोपं जातं. समजा निवडलेल्या नऊपैकी तीन मुलं असोदा-भादलीकडची आणि त्यांची शेवटची सोयीची गाडी सव्वासातची. मग तालीम सातला सुटली पाहिजे, साडेसातला नाही. शाळेचा पास शाळेच्या मार्गापुरताच चालतो. तालमीचा हॉल दुसऱ्या टोकाला असेल तर तिकीट लागेल. २०२३ पासून एस.टी.त महिलांना अर्धं तिकीट आहे, मुलींनाही ते लागू होतं, पण चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला पूर्ण तिकीट. हा खर्च ऑडिशनच्या आधी काढून ठेवा. भाड्यामुळे गळालेलं मूल 'इंटरेस्ट नव्हता' म्हणून नोंदलं जातं.

फॉर्मवर जात विचारू नका. आडनाव वाचून गाव, घराणं, वडील कोण हे ओळखायची आपल्याला इतकी सवय आहे की ते कागदावर नसलं तरी डोक्यात येतं. म्हणून छातीवर नंबर लावा. ए-फोर कागदाचा चौथा हिस्सा, जाड स्केचपेननं आकडा, दोन सेफ्टी पिना. परीक्षकांच्या कागदावर फक्त नंबर. फॉर्म दाराशी बसलेल्या माणसाकडे राहतात आणि निर्णयाच्या वेळीच बाहेर येतात. देणगीदाराचा पुतण्या, नगरसेवकाची भाची, मुख्याध्यापकांनी 'हा आमचा हुशार' म्हणून पाठवलेला, सगळ्यांना नंबरच. शिफारशीचा फोन आलाच तर "हो, येऊ द्या, आठच्या तुकडीत नंबर देतो" एवढंच उत्तर पुरतं.

उतारा कसा निवडावा

पाठांतर करून येऊ नये असं का? कारण पाठ करून आणलेलं बहुधा वक्तृत्व स्पर्धेतलं असतं. एक हात वर, आवाज वरच्या पट्टीत, प्रत्येक वाक्याच्या शेवटी एक ठसका. सात वर्षं बक्षिसं मिळवलेलं पोरगं तोच सूर घेऊन येतं आणि पहिल्या दोन मिनिटांत परीक्षक भारावतात. त्या सुरात समोरच्या पात्राला जागाच नसते. हल्ली रील्सवर ओठ हलवायचा सराव असलेली मुलंही येतात. त्यांचा चेहरा छान बोलतो, आवाजाचं मात्र काहीच माहीत नसतं.

तुमच्याच नाटकातला, दोन पात्रांचा, आठ-दहा ओळींचा उतारा घ्या. वाचायला मिनिटभर लागला पाहिजे. नाटकातली सगळ्यात जोरकस जागा घेऊ नका. साधी, घरगुती, वरवर काहीच न घडणारी जागा घ्या. असं काहीतरी:

सुमन : आबांनी विचारलं तर काय सांगू?
किरण : सांग, मळ्यात मोटर बंद करायला गेलाय.
सुमन : लाइट दुपारपासून नाहीये.
किरण : मग... चालू करायला गेलाय म्हण.
सुमन : किरण, खरं सांग. परत स्टँडवर चाललास?
किरण : एकदाच. शेवटचं.
सुमन : मागच्या मंगळवारी पण शेवटचंच होतं.
किरण : तुझं दप्तर कुठंय?

कागद मोठ्या अक्षरात छापा, १६ पॉइंट, ओळींत मोकळी जागा. इंग्रजी किंवा सेमी माध्यमातली मुलं देवनागरी अडखळत वाचतात, चष्मा घरी विसरलेली असतात. वाचनातली अडचण अभिनयातली समजू नका. प्रत्येक जोडीला आत बोलावण्याआधी दहा मिनिटं कागद हातात द्या, बाहेर सावलीत बसून दोनदा वाचू द्या. एवढ्यानं मुलांचा कापरा आवाज निम्म्यानं कमी होतो.

पहिला रविवार

आठ मुलांची एक तुकडी, एका तुकडीला ५० मिनिटं. चाळीस मुलांच्या पाच तुकड्या, मध्ये २० मिनिटांची सुट्टी. आठला सुरू केलं तर साडेबाराला संपतं. प्रत्येकाला एकेकट्यानं सहा-सहा मिनिटं देणं न्यायाचं वाटतं, पण त्यात वेळही तेवढाच जातो आणि मूल दुसऱ्या मुलाशी कसं वागतं ते कळत नाही. पालकांना तुकडीनुसार वेळ आधी कळवा, चाळीस जणांना आठला बोलावून बारापर्यंत ताटकळत ठेवू नका. वीस लिटरचा पाण्याचा जार दोन, पेले, बाहेर सावलीत खुर्च्या, ओआरएसची चार पाकिटं.

तुकडी आत आली की पहिली दहा मिनिटं कोणी काही वाचत नाही. सगळी मुलं रंगमंचावर चालतात. 'थांब' म्हटलं की थांबायचं, टाळी वाजली की वेग बदलायचा, मग कोणाकडेही न पाहता सगळ्यांनी एकाच वेळी थांबायचा प्रयत्न करायचा. इथे बरंच कळतं. कोण दुसऱ्याला धडकतं, कोण सतत परीक्षकांकडे बघतं, कोण मागे राहून हळूच सगळ्यांचा वेग पकडतं. तो शेवटचा नंबर लिहून ठेवा. लाजरं मूल आणि जागं नसलेलं मूल यांत फरक असतो, आणि तो अशाच खेळात दिसतो.

मग जोड्या. पहिलं वाचन जसं येईल तसं. मध्ये थांबवू नका, चेहऱ्यावर नापसंतीही नको.

आता दुसरं वाचन. यासाठीच सगळा खटाटोप. एक सूचना द्या, एकच, आणि ती करण्यासारखी द्या. 'जरा भाव आण', 'अजून फील दे' ही सूचना नव्हे, ती ऐकून मूल फक्त आवाज वाढवतं. असं सांगा: "आबा दाराच्या बाहेरच उभे आहेत, आणि हे दोघांनाही माहीत आहे." किंवा: "सुमनला भावाला अडवायचं नाहीये, तिला त्याच्याबरोबर जायचंय." किंवा दोघांना समोर भुईमुगाच्या शेंगांचं ताट द्या, शेंगा फोडत फोडत हेच बोला म्हणा. शेंगांचा उपाय वक्तृत्ववाल्यांवर हमखास लागू पडतो, हात कामात गुंतला की तो वर जाऊ शकत नाही.

आणि फक्त एवढं बघा: काय बदललं?

एखादा मुलगा पहिल्यांदा ठीकठाक वाचतो. आबा बाहेर आहेत कळल्यावर त्याचा आवाज उतरतो, "मग..." नंतर तो दाराकडे बघतो आणि शेवटचं "तुझं दप्तर कुठंय?" मुद्दाम मोठ्यानं म्हणतो, बाहेर ऐकू जावं म्हणून. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. दुसरा पहिल्यांदा देखणं वाचतो, दुसऱ्यांदाही तितकंच देखणं, शब्दन् शब्द त्याच चालीत. पहिल्याला घ्या. देखण्याला पुढच्या रविवारी आणखी एकदा संधी द्या, कधी कधी घाबरल्यामुळेही मूल एकाच चालीला चिकटून बसतं.

समोरचं मूल कच्चं असेल तर चांगल्या मुलाचं वाचन पडतं, म्हणून शक्यतो प्रत्येकाला दोन वेगळ्या जोडीदारांबरोबर वाचायला द्या. आणि कच्च्या जोडीदाराला सांभाळून घेणारं मूल दिसलं, त्याची ओळ चुकली तरी न हसता पुढे नेणारं, तर नंबराला गोल करा. प्रयोगात एंट्री चुकते तेव्हा असंच मूल नाटक वाचवतं.

मार्क देण्याची घाई नको. दहापैकी साडेसहा याचा दोन दिवसांनी काहीच अर्थ लागत नाही. शब्द लिहा: "शेवटचा शब्द गिळतो", "ऐकताना पापणी हलत नाही, छान", "सूचनेनंतर पूर्ण वेगळी". तीन परीक्षकांनी एकमेकांचे कागद बघायचे नाहीत, जेवणानंतरच एकत्र ठेवायचे.

आवाज

वेगळी पाच मिनिटं लागतात. मूल रंगमंचाच्या मध्यावर, मंडळातला एक जण शेवटच्या रांगेत वही घेऊन. मूल एक वाक्य म्हणतं, "धुळ्याची गाडी साडेसहाला, नंदुरबारची पावणेसातला, चाळीसगावची आज नाही," गावं आणि वेळा दर वेळी बदलायच्या, आणि मागचा माणूस जे ऐकू आलं ते लिहितो. पंखे आणि कूलर चालू ठेवूनच ही चाचणी घ्या. शांत हॉलमध्ये सगळ्यांचेच आवाज पोहोचतात. प्रयोगाच्या दिवशी शंभर पंखे, बाहेरची वाहतूक आणि पुढच्या रांगेतलं तान्हं बाळ असतं. मंगल कार्यालयात प्रयोग असेल तर आवाज घुमतो, तिथे मोठ्यानं बोलणारा नव्हे तर शब्द सुटे बोलणारा कळतो.

तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांचा आवाज फुटत असतो. स्वरयंत्र वाढतं, स्वरतंतू लांब-जाड होतात, आणि पट्टी मध्येच घसरते. त्यावर हसू नका, दुसऱ्यांनाही हसू देऊ नका. त्याला सहज येणाऱ्या पट्टीत बोलायला सांगा, ओरडायला लावू नका. आज बारीक आवाजात गोड वाटणारा आठवीतला मुलगा बारा आठवड्यांनी त्याच आवाजात बोलेल याची खात्री नसते. ज्या भूमिकेत गाणं आहे तिथे हे विशेष लक्षात ठेवा. उंचीचंही तसंच, म्हणून कपड्यांची मापं ऑडिशनला घेऊ नका, प्रयोगाच्या तीन आठवडे आधी घ्या.

बोलीचा प्रश्न

खानदेशात सगळ्यात जास्त अन्याय इथे होतो. मुलगी 'शाया' म्हणाली, 'पानी' म्हणाली, की परीक्षक एकमेकांकडे बघतात आणि नंबरावर फुली पडते. ळ चा य आणि ण चा न ही सवय आहे, दोष नाही. रोज दहा मिनिटं शब्दांचा सराव घेतला तर महिनाभराच्या तालमीत मूल भूमिकेपुरता तो फरक करायला शिकतं. ऐकण्याची, प्रतिसाद द्यायची हुशारी मात्र महिनाभरात शिकवता येत नाही. तेव्हा कशासाठी फुली मारायची ते ठरवा.

प्रमाण मराठीत अडकलेल्या मुलाला एकदा म्हणून पाहा, हाच उतारा घरी बोलता तसा बोल. "मना भाऊ अजून उना नही" (माझा भाऊ अजून आला नाही) म्हणताना ज्या पोराचे खांदे सैल पडतात, त्याच्यात नट आहे. तो बाहेर काढायला वेळ लागेल एवढंच.

नाटकच अहिराणीत असेल तर उलटी अडचण येते. शहरातली मुलं प्रमाण वाक्याच्या शेवटी 'शे' जोडतात आणि 'मला'चं 'माले' करतात, की झाली अहिराणी. प्रेक्षकांत बसलेल्या आजीला पहिल्या वाक्यात कळतं. परीक्षकांत ती बोली घरात बोलणारा एक माणूस हवाच. शिवाय साक्री-धुळ्याकडची अहिराणी आणि अमळनेर-चोपड्याकडची यांच्या लकबी सारख्या नाहीत, आणि यावल-रावेर-भुसावळकडची लेवा बोली तर वेगळीच. नाटकातल्या एका घरात बाप एक बोली आणि लेक दुसरी बोलतोय असं होऊ देऊ नका. शहादा, तळोदा, अक्कलकुव्याकडून आलेल्या मुलांच्या घरी भिली, पावरी असते, नवापूरकडे मावची. त्यांना मराठी ही शाळेत शिकलेली भाषा आहे, वाचायला दहाऐवजी वीस मिनिटं द्या.

सुरक्षितता, आणि यात सूट नाही

अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती पॉक्सो कायद्यानुसार, म्हणजे २०१२ च्या बाल लैंगिक अत्याचार प्रतिबंधक कायद्यानुसार बालक आहे. हौशी मंडळालाही तो लागू आहे. खोलीत नेहमी दोन मोठी माणसं, त्यांत एक बाई. दार उघडं. कोणाच्या घरी, गच्चीवर, 'जरा वेगळं वाचून बघू' म्हणून एकट्याला बोलावणं नाही. मुलांना वैयक्तिक मेसेज नाहीत, पालक असलेल्या ग्रुपवरच काय ते बोलणं. ऑडिशनमध्ये थोबाडीत मारण्याचे, मिठीचे, प्रेमाचे प्रसंग वाचायला देऊ नका. नाटकात असले तर पालकांना पहिल्याच दिवशी संहिता वाचायला द्या. व्हिडिओ काढायचा झाला तर पालकांच्या सहीनं, मंडळाच्या एकाच फोनवर, आणि निवड झाल्यावर पुसून टाका. मदतीचा १०९८ हा क्रमांक हॉलच्या दारावर चिकटवा.

चौदा वर्षांखालच्या बालकलाकारांच्या व्यावसायिक कामासाठी २०१७ पासूनचे नियम आहेत: दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती. तुमचं नाटक हौशी असलं तरी हेच माप धरा. विनातिकीट प्रयोग आहे म्हणून मूल कमी दमत नाही.

दुसरा रविवार

नऊ पात्रं असतील तर १६ ते १८ मुलं बोलवा. आता जोड्या बदलून बदलून बघायच्या. आई झालेली पंधराची मुलगी आणि तिचा मुलगा झालेला, तिच्यापेक्षा वीतभर उंच, ही विनोदी जोडी गंभीर प्रसंगात बसवू नका. भिंतीला मोजपट्टी चिकटवा, सगळ्यांची उंची फॉर्मवर लिहा. आज उतारे तीन, एक शांत, एक भांडणाचा, एक विनोदी, आणि प्रत्येकाला नको असलेली भूमिकाही वाचायला द्या. नायक व्हायचं ठरवून आलेला मुलगा चहावाल्याच्या दोन ओळी कशा म्हणतो यावरून पुढचे नऊ आठवडे कसे जातील ते बरंच कळतं.

पालकांशी बोलायचं तेही आजच, मुलासमोर. क्लासचा वार, परीक्षेच्या तारखा, शेवटची बस, ने-आण. "बघू, जमवू" म्हणणाऱ्या पालकाला तिथेच विचारा, कोणता वार जमणार नाही? दोन तालमी चुकल्या तर काय, तीन चुकल्या तर काय, हे आधीच सांगा. मैत्रिणींच्या त्रिकुटातली एकच निवडली तर ती आठवड्याभरात गळते. शक्य असेल तर दुसरीला संगीताचं किंवा प्रॉपर्टीचं, म्हणजे रंगमंचावरच्या वस्तूंचं, खरं काम द्या, नावापुरतं नको.

एक मुलगा, एक मुलगी बदली कलाकार म्हणून ठेवा. त्यांनी आठवड्यातून दोन तालमींना यायचं, मोठ्या भूमिका पाठ करायच्या आणि प्रयोगात गर्दीच्या प्रसंगात उभं राहायचं. पहिल्या आठवड्यात भूमिका पक्क्या नाहीत, वाचनानंतर अदलाबदल होऊ शकते, हेही सगळ्यांना सांगून ठेवा. शेवटचा शब्द दिग्दर्शकाचा. तिघांची मतं सारखी पडेपर्यंत बसलात तर रात्र होते आणि सगळ्यांना चालणारं पण कोणालाच न आवडलेलं मूल निवडलं जातं.

कळवणं

मंगळवारपर्यंत कळवा. आधी निवडलेल्यांच्या पालकांना फोन, त्यांचा होकार, आणि कोणी नकार दिला तर पुढच्याला. मग उरलेल्या सगळ्यांना, त्याच संध्याकाळी, ग्रुपवर यादी टाकायच्या आधी. यादी क्रमवारीनं नको. पहिल्या रविवारनंतर ज्यांना परत बोलावलं नाही त्या बावीस जणांनाही फोन करायचा, मेसेज नाही. दोन-दोन मिनिटं धरली तरी तासभराचं काम आहे, दोघांनी वाटून घ्या. आवाज, रंग, वजन, उंची यांबद्दल एक शब्द नाही. "या नाटकात तुझ्यासाठी जागा निघाली नाही, पण दुसऱ्या वाचनात तू शेंगा फोडायच्या थांबलास ती जागा छान होती," असं त्या मुलाचं काहीतरी खरंखुरं सांगा. कागदावर मार्कांऐवजी शब्द लिहिलेले असले तरच हे सांगता येतं.

ज्यांची निवड झाली नाही त्यांचे फॉर्म प्रयोग होईपर्यंत एका फाइलमध्ये ठेवा, पाचव्या आठवड्यात त्यातलाच एखादा नंबर शोधावा लागतो. प्रयोग झाला की ते फाडून टाका.